नऊ तारा

देवधर साहेब पुण्याला तीन दिवसांच्या शिबिराला जाऊन आले आणि चौथ्या दिवशी कारखान्याच्या भिंतीवर एक फळा लागला. हिरव्या रंगाचा, लाकडी चौकटीचा, मधोमध फोटोपुरती जागा सोडलेला. वर पांढऱ्या अक्षरांत 'या महिन्याचा उत्साही कामगार' असं लिहिलं होतं. कात्रीखात्यातल्या बायकांपैकी कुणालाच वाचता येत नव्हतं, म्हणून सुपरवायझर मधूने ते मोठ्याने वाचून दाखवलं. मग सगळ्या त्या रिकाम्या जागेकडे बघत उभ्या राहिल्या.

"कोन मेला?" रखमाने हळूच विचारलं. तिने भिंतीवर माणसाचा फोटो बघितला होता तो हार घातलेलाच.

कारखाना बदलापूरला, कुळगावच्या पुढे. मालक उल्हासनगर कॅम्प एकमध्ये राहणारा लच्छूशेठ. तो महिन्यातून एकदा येई, पंख्याखाली बसून दोन कप चहा पिई आणि जाई. बाकीचा कारखाना देवधर साहेबांच्या डोक्यावर. माल एकच, कुकरच्या रबरी रिंगा. साच्यातून निघालेल्या रिंगेला कडेने जास्तीचं रबर चिकटलेलं असतं. ते वाकड्या टोकाच्या कात्रीने कापायचं, रिंग पांढऱ्या पावडरीत घोळायची, शंभर झाल्या की तारेत ओवायच्या आणि तारेला आपल्या नंबराचा पत्र्याचा बिल्ला अडकवायचा. संध्याकाळी मधु बिल्ले बघून तारा मोजून घेई. एका बाईच्या हातून दिवसाला पाच तारा होत. सात वर्षं पाचच होत होत्या आणि कुणाचं काही अडलं नव्हतं.

या खात्यात नऊ बायका. नऊही बारवी धरणाच्या बाजूच्या खैराच्या वाडीवरच्या, आदिवासी ठाकरांच्या घरातल्या. सकाळी अंधुक असताना निघायचं, दीड तास चालायचं, आठाच्या भोंग्याआधी फाटकात उभं राहायचं. नवांपैकी एकीच्याही घरी कुकर नव्हता.

"माणूस पगारासाठी काम करतो," साहेब म्हणाले. त्यांनी बोलायच्या आधी टाळ्या वाजवून घेतल्या होत्या. शिबिरात तसं शिकवलं असावं. "पण मनापासून केव्हा काम करतो? त्याचं कौतुक झालं की. तर आता दर महिन्याला जिच्या तारा सगळ्यात जास्त, तिचा फोटो इथे. तिला एक कुकर बक्षीस. आणि शेठनी कबूल केलंय, पुढच्या महिन्यापासून ती परमनंट. म्हणजे कार्ड. आता बघू कुणात किती उत्साह आहे ते."

कार्ड म्हटल्यावर चंद्रीच्या हातातली कात्री थांबली. चंद्री तिशीची, काटक, बोलायला कमी. तिच्या नवऱ्याला, चांगोला, दोन वर्षांपासून अंतर्गळ होता. ओझं उचललं की जांघेत लिंबाएवढी गाठ यायची, ती आता पेरूएवढी झाली होती. धोतराची चिंधी गुंडाळून, वर करगोट्याने आवळून तो दिवस काढायचा. कुळगावच्या डॉक्टरने सांगितलं होतं, ऑपरेशनशिवाय इलाज नाही, आणि एखाद दिवशी गाठ आत गेली नाही तर माणूस हाती लागणार नाही. उल्हासनगरला कामगारांच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन फुकट होतं, पण तिथे कार्ड लागतं, आणि कार्ड परमनंट माणसालाच.

परतीच्या वाटेवर नऊजणी नेहमीसारख्या एकामागे एक चालत होत्या. जिला तिला आपापला फोटो दिसत असणार. शेवटी सगळ्यांत म्हातारी गयाबाई पुलाच्या कठड्याला टेकून उभी राहिली.

"अशा गप नका चालू गो," ती म्हणाली. "तोंडाला तोंड नाय देत ते मना बरा नाय दिसत."

"एकीलाच देनार तो," विठा म्हणाली. "मंग काय बोलाचा?"

"एकीला आज. महिन्यानं दुसरीला. आवनीला आपन काय करतो? ज्याचा आवन आधी तयार त्याच्या शेतात सगली आधी उतरतो. मंग दुसऱ्याच्या. यात काय निराला हाय?"

वाडीवर सावडीशिवाय आवणी, म्हणजे भाताची लावणी, होत नाही. एका घरची दोन माणसं चार गुंठे लावेपर्यंत रोपं पिवळी पडतात. म्हणून आज सगळ्यांनी तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. कुणी कमी लावलं, कुणी जास्त, हे तिथे कुणी बघत नाही. गयाबाईला साहेबांची योजना तशीच दिसली, आणि तिने एकदा सांगितल्यावर बाकीच्यांनाही दुसरं काही दिसेना. प्रत्येकीने आपल्या पाच तारा करून वर अर्धी तार जास्त कापायची. आठ अर्ध्यांच्या चार. त्या चारांवर पाळी असलेल्या बाईचा बिल्ला लावायचा. तिच्या नऊ झाल्या.

पाळ्या तिथेच पुलावर ठरल्या. विठा कामाला सगळ्यांत जुनी आणि विधवा, म्हणून पहिली. मग रखमा. तिसरी गयाबाई, कारण तिचे डोळे जात चालले होते आणि तिला कार्डावर चष्मा हवा होता. चंद्रीची पाळी पाचवी. पाचवी म्हणजे नोव्हेंबर. चंद्रीला ओरडून सांगावंसं वाटलं की माझ्या नवऱ्याला तेवढे दिवस नाहीत. पण सावडीत आपलं शेत पुढे काढा म्हणायची रीत नाही.

जुलैत विठाच्या नऊ-नऊ तारा होऊ लागल्या. देवधर साहेब हरखून गेले. ते दुपारी येऊन विठाच्या पाठीमागे उभे राहत आणि "शाब्बास" म्हणत, आणि विठा भीतीने कात्री आवळून मान खाली घाली. मजा अशी की साहेबांच्या योजनेने काम खरोखरच वाढलं होतं. खात्याच्या पंचेचाळीस तारांच्या एकोणपन्नास झाल्या होत्या. ते कसं झालं एवढंच साहेबांना ठाऊक नव्हतं.

कारखान्याला शुक्रवारी सुट्टी. जुलैतल्या तिसऱ्या शुक्रवारी चंद्रीच्या शेतात आवणी होती. नऊजणी गुडघ्याएवढ्या चिखलात ओणव्या झाल्या होत्या. चांगो पुढच्या खाचरात चिखलणी करत होता. त्याला कुणी ते करायला सांगितलं नव्हतं. पण घरधनी बांधावर बसलाय आणि दुसऱ्याचा माणूस त्याचे बैल हाकतोय, हे त्याला बघवलं नसतं. एका कोपऱ्यात चिखल सपाट करायचं आळवट रुतलं. त्याने ते दोन्ही हातांनी उपसायला जोर केला, आणि 'आं' असा आवाज करून तो चिखलात बसला.

चंद्री धावली. चांगोचं तोंड राखेसारखं झालं होतं. "भायेर आला," तो म्हणाला, "समदा भायेर आला."

तिने त्याला बांधावर उताणा पाडला, ढुंगणाखाली रोपांच्या जुड्या सरकवल्या, पाय वर घेतले. बायकांनी पाठी फिरवल्या. चिखलाने भरलेले हात लुगड्याला पुसून ती हळूहळू गाठ आत ढकलू लागली. ती जाईना. चांगो दात खाऊन आभाळाकडे बघत होता आणि त्याच्या कपाळावरून पाऊस कानात जात होता. सासू जिजा बांधावर उभी राहून "हळू गो, हळू गो" एवढंच म्हणत होती. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग बोटांखाली काहीतरी गुरगुरलं आणि गाठ आत सरकली.

"ढोरासारखा पाय वर करून निजवलास बायांसमोर," चांगो नंतर म्हणाला. त्याला दुखण्यापेक्षा त्याची लाज जास्त वाटत होती.

दुपारी भाकरी खाताना गयाबाई चंद्रीशेजारी येऊन बसली. "माजी पाली तू घे," ती म्हणाली. "तिसरी. माजं डोलं काय, आज नाय त पाचव्या महिन्यात."

"नको आत्या."

"नको काय? तुझा आवन आधी तयार झाला. एवढाच." आणि ती उठून पुन्हा चिखलात उतरली.

विठाचा फोटो लागला. कुकर छातीशी धरलेला, डोळे मिटलेले. ऑगस्टमध्ये रखमाचा. पण ऑगस्टमध्ये विठा पुन्हा पाच तारांवर आली तेव्हा साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावून पाऊण तास उभं केलं. बाहेर आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. "विचारतो, परमनंट झालीस आनि आळस आला का?" ती म्हणाली. "मी काय बोलू? घरी काय तरास हाय का, असा पन विचारला. चांगला विचारला. पन उभी ठेवून."

सप्टेंबर उजाडला आणि चंद्रीच्या बिल्ल्यावर नऊ तारा येऊ लागल्या. रोज संध्याकाळी मधु मोजायला आला की ती बिल्ले पुन्हा चाचपून बघायची. मधु अंबरनाथचा, रविवारी बुद्धविहारात मुलांची शिकवणी घेणारा, सरळ पोरगा. त्याला सगळं दिसत होतं. आठ जणींच्या टोपल्यांतून अर्ध्या-अर्ध्या तारा सरकताना त्याने इतक्यांदा पाठ फिरवली होती की बायका त्याला आता लाजत नव्हत्या. एकदाच तो चंद्रीला म्हणाला, "ताई, मी काय बघितलं नाय. पण साहेबाला आकडे दिसतात ना. आकड्यांचं टेन्शन घ्या."

महिन्याच्या वीस तारखेला साहेब स्टूल घेऊन चंद्रीसमोर बसले. हातात घड्याळ. "तू नेहमीसारखं कर," ते म्हणाले. "मला तुझी पद्धत बघायचीय. बाकीच्यांना शिकवता येईल."

चंद्रीने रिंग उचलली. कात्री लावली. तासाभरात साठ-पासष्ट रिंगा, तिच्या नेहमीच्याच. नऊ तारांना त्या वेगाने रात्र झाली असती. एकदा कात्री घसरून अंगठ्याच्या पेरात गेली, पांढऱ्या पावडरीत रक्ताचे थेंब पडले आणि तिने ती रिंग मांडीखाली लपवली. आता हा विचारणार, मग सगळं बाहेर पडणार, विठाचं जाणार, रखमाचं जाणार, चांगो असाच मरणार. तासाभराने साहेबांनी घड्याळ मिटलं.

"मी बसलोय म्हणून घाबरलीस," ते हसून म्हणाले. "हरकत नाही. एकटी असलीस की हात चालतो तुझा." आणि स्टूल उचलून गेले. माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त एकेक बाई सुटी दिसत होती.

तीस तारखेला लच्छूशेठ आला. फळ्यापुढे खुर्च्या मांडल्या होत्या. चंद्रीच्या हातात कुकर दिला, तिला मधोमध उभं केलं. कुकर तिला वाटला होता त्यापेक्षा जड निघाला. फोटो निघाला. साहेब म्हणाले, "आता चंद्री दोन शब्द सांगेल. तिने हे कसं केलं."

चंद्रीने समोर बघितलं. आठ जणी बाकावर बसल्या होत्या. गयाबाई डोळे बारीक करून तिच्याकडे बघत होती. सांगून टाकावं असं तिच्या अगदी ओठावर आलं होतं. मग तिला बांधावर उताणा पडलेला चांगो दिसला.

"केला," ती म्हणाली. "हात चालवला."

"वा!" साहेबांनी टाळ्या वाजवल्या. "ऐकलंत? हात चालवला! आता मी तुमच्यापुढे एक गोष्ट ठेवतो. विठाने नऊ केल्या, रखमाने केल्या, चंद्रीने केल्या. तीन वेगवेगळ्या बायका. म्हणजे नऊ होतात, हे तुम्हीच सिद्ध केलंत. मी नऊ मागत नाही. एक तारखेपासून प्रत्येकीने सात. योजनेचं काम झालं, आता बक्षिसाची गरज उरली नाही. जी टेंपररी बाई पंधरवड्यातले बहुतेक दिवस सातच्या खाली राहील तिने पुढे येऊ नये. परमनंट असेल तिला मेमो. तीन मेमो झाले की परमनंटपण गेलं."

"बराबर है," शेठ म्हणाला. "चंद्रीबाई कर सकती है तो सब कर सकते. उसको देखो और सीखो." आणि त्याने खरोखरच चंद्रीकडे बोट दाखवलं. कुकर धरून ती तशीच उभी होती. खाली ठेवावा तर कुठे ठेवावा हेही तिला सुचत नव्हतं.

त्या संध्याकाळी पुलावर रखमा थांबली. "सांगून टाकू त्याला. सात कोनाच्यानं व्हनार? आपली सावड व्हती म्हनून सांगू."

"सांग," गयाबाई म्हणाली. "उद्या विठाचा कार्ड जाईल. तुझा जाईल. हिला अजून हातात नाय आला, तो पन जाईल. आनि फसवला म्हनून नवांनाही फाटकाभायेर. मंग?"

"पन आत्या, तुझी पाली..."

"माजी पाली गेली," गयाबाई म्हणाली. "पाऊस गेला की आवनी ऱ्हाते तशी ऱ्हायली. चला."

चंद्रीने रखमाला हो म्हणायला हवं होतं, निदान तोंडदेखलं. जीभ उचललीच नाही. आपण इतक्या आपमतलबी आहोत हे तिला तोपर्यंत ठाऊक नव्हतं. कुकर जिजाने उतरंडीवर नेऊन ठेवला आणि त्यात वालाचं बी भरलं.

सात तारांचे दिवस सुरू झाले. पाणी प्यायला उठायचं नाही. लघवीला दुपारी एकदाच. भाकरी उभ्याने. कात्रीच्या कड्यांनी अंगठ्याला घट्टे पडले, ते फुटले, त्यावर चिंध्या आल्या. पूर्वी हात चालता-चालता तोंडंही चालायची, गाणंही व्हायचं. आता खात्यात नुसता कात्र्यांचा कचकच आवाज. जिच्या सात होत त्या जेमतेम साडेपाचच्या भोंग्याला होत. आता कुणापाशी अर्धी तारही उरत नव्हती. गयाबाईच्या मात्र पाचच होत, कधी साडेचार. तिला रबराची कड दिसायचीच नाही, ती बोटाने चाचपून कापायची.

तिसऱ्या दिवशी चंद्रीने आपल्या सातांतल्या दोन तारा काढल्या आणि गयाबाईचा बिल्ला त्यांना अडकवला. विचार वगैरे काही केला नाही. विचार केला असता तर हात मागे आला असता.

"काय करतेस?" गयाबाई कुजबुजली.

"मी परमनंट हाय. मना एकदम नाय काढनार."

मधु मोजायला आला. गयाबाईच्या सात, चंद्रीच्या पाच. त्याने दोघींकडे बघितलं, कानामागची पेन्सिल काढली आणि आकडे लिहिले.

याच आठवड्यात कार्ड हातात आलं. चांगोला घेऊन चंद्री उल्हासनगरला गेली. डॉक्टरने गाठ दाबून बघितली, म्हणाला, एवढे दिवस काय झोपला होतात? आणि तारीख दिली, सतरा नोव्हेंबर. त्याच्या आधी रिकामी खाट नव्हती. ओझं उचलू नका, खोकला काढू नका, गाठ आत गेली नाही तर तसेच उठून या. चांगो सगळ्याला मान हलवत होता. समोर भाताची कापणी आली होती.

सोळा ऑक्टोबरला साहेबांनी चंद्रीला बोलावलं. टेबलावर टाईप केलेला कागद. मधूने वाचून दाखवला: कामात उत्साह दिसत नाही, सुधारणा करावी.

"मला फार वाईट वाटतंय," साहेब म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "तुझा फोटो अजून फळ्यावर आहे. शिकायला म्हणून मी बाकीच्यांना तो दाखवतो. आणि तू सातही करत नाहीस? नेमकं बिघडलं काय? बोल ना."

तिने अंगठा पुढे केला. अंगठ्याला चिंधी होती. ती सोडली तर जखम ओली, म्हणून डाव्या हाताचा उठवून घेतला.

दुसरा मेमो महिनाअखेरीला मिळाला. त्या कागदावर 'अखेरची संधी' असं होतं. घरी येऊन तिने हिशेब मांडला, आणि तो मांडायला काही शिक्षण लागत नव्हतं. तिसरा कागद सोळा नोव्हेंबरला मिळणार. ऑपरेशन सतराला. एका दिवसाने कार्ड रद्द.

चांगो दाराशी पेंढ्यावर कलंडला होता. आज तो भाताचे दोन भारे उचलून आला होता आणि हे त्याने सांगितलं नव्हतं. त्याच्या बसण्यावरून तिला कळलं. गाठ आत जायला पूर्वी घटकाभर लागायची, आता निम्मी दुपार लागे. "सतरा तारीख लई लांब हाय का?" त्याने विचारलं.

"नाय. आलीच."

दुसऱ्या दिवशी वाटेत गयाबाईने तिला मागे ओढलं. "आजपासून माजा बिल्ला माज्याकडं," ती म्हणाली. "हात लावलास त बघ. तुजा सतराचा होऊ दे."

चंद्रीने मान हलवली. तिला ते ऐकायचंच होतं. तिने त्या दिवशी सात तारा केल्या आणि सातांवर आपलाच बिल्ला लावला. गयाबाईच्या पाच झाल्या. पुढच्या दिवशी चंद्रीच्या सात, गयाबाईच्या साडेचार. तिसऱ्या दिवशीही तसंच. दोघी शेजारी-शेजारी बसत होत्या, पण चंद्री तिच्याकडे बघत नव्हती. वाटेने ती सगळ्यांच्या पुढे निघून जाऊ लागली. ज्या बाईने आपली पाळी उचलून दिली, तिला आपण फाटकाबाहेर ढकलतोय, आणि ढकलायलाही आपल्याला हात लावावा लागत नाही. घरी ती अर्धी भाकरी ताटात ठेवून उठू लागली.

"तुला काय झाला?" जिजाने विचारलं.

"काय नाय. रबराचा वास बसलाय घशात."

चौथ्या दिवशी संध्याकाळी मधु मोजायला आला. चंद्रीच्या सात. त्याने गयाबाईची टोपली ओढली आणि मोजलं. सात. पुन्हा मोजलं. सातच. चंद्रीने चमकून वर बघितलं. गयाबाईही आपल्या टोपलीकडे बघत होती, तिलाही ठाऊक नव्हतं. मधु पुढे गेला.

"विठा, पाच."

विठा हाताची पावडर झटकत उभी राहिली. "लिव्ह पाच," ती म्हणाली.

"विठाताई, मेमो येणार."

"येऊ दे. मना एक पन नाय अजून." मग चंद्रीकडे वळून ती म्हणाली, "तू दोन दोन मेमो खाऊन बसलीस गो एकटी. कोनाला इचारलास? सावड काय एका घरानं करतात? दोन माजे, दोन रखमाचे. तिसरा कोनी घ्याचा नाय."

"सात तारा करून दोन देतीस?" गयाबाईचा आवाज फाटला. "हात बघ तुजा."

"तुजे डोलं बघ आधी," विठा म्हणाली आणि डबा उचलून चालू लागली.

चंद्री तिथेच टोपलीवर बसली आणि रडली. चांगो चिखलात पडला तेव्हा रडली नव्हती, कुकर धरून उभी होती तेव्हाही नाही. मधूने दिवे घालवायला वेळ लावला.

सोळा नोव्हेंबरला केबिनमध्ये विठाला बोलावलं. काचेतून देवधर साहेब दिसत होते. कपाळाला हात लावून पाच महिन्यांचे आकडे पुढे पसरून बसलेले. पहिला उत्साही कामगार, तिसरा उत्साही कामगार, दोघींचाही उत्साह गेला. दुसऱ्या खात्यात कुणाचा गेला नाही. त्यांनी मधूला विचारलं, हे काय आहे? मधु म्हणाला, साहेब, बायकांचं काही सांगता येत नाही. विठा अंगठ्याची शाई पदराला पुसत बाहेर आली.

सतराला सकाळी चंद्री आणि चांगो दवाखान्याच्या रांगेत उभे होते. चांगोने मांडीशी हात दाबून धरला होता. वाकून, दोन पावलं टाकून थांबत, पुन्हा दोन पावलं. जिजाने बांधून दिलेलं धुतलेलं लुगडं चंद्रीच्या काखेत होतं. रांग सरकेना तशी ती मनात मोजू लागली. विठाचा एक मेमो झाला, एक उरला. रखमाचे दोन. तीन पंधरवडे. म्हणजे दिवाळीनंतरचा थंडीचा सगळा महिना आणि वर पंधरा दिवस, नव्या सालापर्यंत. तोवर गयाबाई फाटकाच्या आत. त्याच्यापुढे काय? त्याच्यापुढे तिला काहीच दिसेना. चांगो बरा होईल, खाचरात उभा राहील, एवढं दिसत होतं. पण बाकावर नऊजणी दिसत नव्हत्या. तिने पुन्हा पहिल्यापासून मोजलं. तेवढेच आले.

खिडकी आली. आतल्या कारकुनाने मान वर न करता हात पुढे केला. चंद्रीने कार्ड दिलं.

"पेशंट हा. कार्ड कोणाचं?"

"आमचा," चंद्री म्हणाली.

"आमचं म्हणजे कोणाचं? कार्डावर एकाचंच नाव असतं, बाई. कामाला कोण आहे?"

मागच्या माणसाने तिला ढोसलं. मग तिने आपलं नाव सांगितलं, आणि सांगताना तिला दुसऱ्याच्या खळ्यातलं भात आपल्या कणगीत ओतल्यासारखी लाज वाटली. कारकुनाने नाव लिहून घेतलं आणि आतून चांगोला हाक आली.